सामुदायिक निधी : पैसा अनेकांचा, निर्णय गावाचा

रत्नागिरी : जून उजाडला की मिरकरवाडा बंदरातील नौका किनाऱ्याला लागतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिकी नौकांना मासेमारीस बंदी असते. खलाशांच्या घरातील आवक थांबते आणि नेमक्या याच दिवसांत दहावी-बारावीनंतरचे प्रवेश सुरू होतात. शुल्क, पुस्तके, वसतिगृहाची अनामत रक्कम असे सारे खर्च एकदम पुढे उभे राहतात. ऑक्टोबरमध्ये हाती येणारी शिष्यवृत्ती कितीही मोठी असली, तरी जूनमध्ये हुकलेला प्रवेश ती परत मिळवून देऊ शकत नाही. मदत किती द्यायची याइतकेच ती केव्हा द्यायची हेही महत्त्वाचे असते आणि ते स्थानिक माणसालाच ठाऊक असते. 'कम्युनिटी फाउंडेशन' अर्थात सामुदायिक प्रतिष्ठान ही संकल्पना याच जाणिवेवर उभी आहे.

संकल्पनेचा उगम

अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ या बँकरने १९१४ साली असे पहिले प्रतिष्ठान स्थापन केले. दात्यांनी मृत्युपत्रात घातलेल्या अटी काळाच्या ओघात निरर्थक ठरतात आणि पैसा अडकून पडतो, हे त्यांनी पाहिले होते. अनेकांच्या देणग्या एकत्र ठेवाव्यात, मुद्दल राखावे आणि उत्पन्न कोठे खर्च करायचे ते त्या त्या काळातील स्थानिक समितीने ठरवावे, असा मार्ग त्यांनी काढला. मुंबईत याच धर्तीवर १९९१ मध्ये बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्टची स्थापना झाली. अमेरिकेतील मराठी मंडळींनी १९७८ साली सुरू केलेले महाराष्ट्र फाउंडेशन हे या कल्पनेचे जवळचे नातलग म्हणता येईल. परदेशातील अनेक दात्यांचा पैसा एकत्र करून ते महाराष्ट्रातील सामाजिक संस्थांना साहाय्य करते.

निधी कसा उभा राहतो?

सामुदायिक प्रतिष्ठानात साधारणतः तीन प्रकारचे निधी असतात. सर्वसाधारण निधीचा विनियोग विश्वस्त गरजेनुसार करतात. विषयनिधी आरोग्य, शिक्षण अशा एखाद्या क्षेत्रापुरता असतो. नामनिधी मात्र एखाद्याच्या स्मरणार्थ, विशिष्ट शिष्यवृत्तीसाठी ठेवलेला असतो. प्रत्येकाचा हिशेब वेगळा, पण गुंतवणूक, लेखापरीक्षण आणि कार्यालय एकच. त्यामुळे लहान दात्यालाही स्वतःचा न्यास काढण्याची यातायात करावी लागत नाही.

उदाहरणादाखल, एक कोटी रुपयांच्या कायम निधीवर सात टक्के दराने वर्षाला सात लाख रुपये मिळतील. करसवलत टिकवण्यासाठी धर्मादाय न्यासाला सर्वसाधारणपणे उत्पन्नाच्या किमान ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांसाठी वापरावी लागते. म्हणजे ५ लाख ९५ हजार रुपये खर्चायचे आणि मुद्दलात फार तर १ लाख ५ हजारांची भर घालायची. महागाईचा वेग पाहता एवढ्याने मुद्दलाचे मोल टिकत नाही. म्हणून नव्या देणग्यांचा ओघ चालू ठेवणे हे विश्वस्तांचे पहिले काम ठरते.

संस्थांना अनुदान

अनुदानासाठी जाहीरपणे अर्ज मागविले जातात. संस्थेची नोंदणी आणि लेखापरीक्षित ताळेबंद तपासले जातात. समितीचे सदस्य प्रत्यक्ष भेट देतात आणि मगच शिफारस होते. रक्कम हप्त्याने दिली जाते व पुढचा हप्ता कामाच्या अहवालावर अवलंबून असतो. गाव लहान असले की विश्वस्त आणि अर्जदार एकमेकांचे सोयरे निघण्याचा संभव अधिक. अशा वेळी संबंधित विश्वस्ताने बैठकीतून उठून जावे, हा नियम कागदावर असून भागत नाही, तो पाळला गेल्याची इतिवृत्तात नोंद हवी.

शिष्यवृत्तीचे निकष

केवळ गुणांवर दिलेली शिष्यवृत्ती बहुधा ज्याला शिकवणी परवडते त्याच्याच पदरात पडते. त्यामुळे उत्पन्न, कुटुंबातील शिकणारी मुले, घरातील पहिलीच पदवी, यांचाही विचार करावा लागतो. शुल्क थेट महाविद्यालयाकडे भरणे आणि अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत मदत चालू ठेवणे, या दोन गोष्टी विद्यार्थ्याची गळती रोखतात. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. बंदरातील मुलाने तेथे प्रवेश घेतला, तर त्याला एका वर्षाची नव्हे, पूर्ण पदवीची शाश्वती हवी.

कायद्याची चौकट

राज्यात असा न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. २०२३ च्या वित्त कायद्याने एका न्यासाने दुसऱ्याला दिलेल्या अनुदानापैकी ८५ टक्केच रक्कम 'वापर' म्हणून मोजण्याची तरतूद केली, हे हिशेबात धरावे लागते. विदेशी योगदान कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने तर परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळविण्यास मनाई केली. मात्र भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी मानली जात नाही. आखाती देशांत माणसे असलेल्या कोकणातील घरांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

रत्नागिरीच्या संदर्भात

रत्नागिरीला दातृत्व नवे नाही. भागोजीशेठ कीर यांच्या औदार्यातून १९३१ साली येथे पतितपावन मंदिर उभे राहिले. मुंबईकर चाकरमान्यांची मंडळे गावच्या शाळांना हातभार लावत आली आहेत. मुस्लिम मच्छीमारांची मोठी वस्ती असलेल्या मिरकरवाड्यात जकातीची परंपरा आहे. जकात कोणाला द्यावी याचे धार्मिक निकष ठरलेले असल्याने तिचा हिशेब स्वतंत्र ठेवावा लागेल, पण त्यामुळे एका छपराखाली येण्यास अडचण नसावी. मंडळ, जमात, ज्ञाती यांच्या वेगवेगळ्या पेट्यांतून होणारी मदत मोलाची आहेच. तथापि ज्याची कोणतीच पेटी नाही, त्या परगावाहून आलेल्या खलाशाच्या मुलीने कोणाकडे जायचे? सामायिक निधीचे खरे प्रयोजन तेथे आहे. आणि तो निधी जूनच्या आत तिच्यापर्यंत पोहोचला पाहिजे.