चारचौघांतलं ध्यान

आषाढी आटोपून शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून माघारी फिरते. लोणार, मेहकर करत ती जानेफळला येते आणि तिथून खामगावमार्गे शेगाव गाठते. पांढऱ्या कपड्यांतले वारकरी खांद्यावर पताका घेऊन शिस्तीत रांगेनं चालतात. टाळ एका ठेक्यात वाजतो, पाऊलही त्याच ठेक्यात पडतं. श्वासाकडे लक्ष द्या, पावलाकडे लक्ष द्या, असं हल्ली शहरांतल्या वर्गांतून शिकवलं जातं. वारकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. लक्ष सुटलं की ठेका चुकतो आणि शेजारचा बघतो.

भरकटणारं मन चारचौघांत राहून आवरायची ही रीत वऱ्हाडाच्या अंगवळणी पडलेली आहे. तिला रोजच्या दिनक्रमात आणलं ते तुकडोजी महाराजांनी.

अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला 30 एप्रिल 1909 रोजी जन्मलेले माणिक बंडोजी इंगळे वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासात तुकड्या झाले. पोरवयातच ते घर सोडून रानात गेले. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा या जंगलांत त्यांनी एकट्यानं ध्यान केलं. असं एकांतात गेलेलं माणूस बहुधा तिकडेच रमतं. हे मात्र खंजिरी घेऊन गावात परतले, आणि रानात जे साधलं ते शेतकऱ्याला, मजुराला कसं जमेल याच्या मागे लागले. शेतकरी काही गुहेत जाऊन बसणार नाही. पेरणी कोण करणार?

1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला आणि पुढे श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा खेडोपाडी पसरल्या. पहाटे सूर्य उगवायच्या आत सामुदायिक ध्यान, मग गावातून रामधून, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, हा त्यांचा नेम. लहानथोर, सगळ्या जातीधर्मांचे लोक एकाच ओळीत बसणार. गुरुकुंजाच्या प्रार्थना मंदिरात मूर्ती नाही, समोर फक्त अधिष्ठान. मूर्ती म्हटली की पुजारी आला, पुजारी आला की सोवळंओवळं आलं. ती वाटच महाराजांनी ठेवली नाही. शिवाय ध्यानाला त्यांनी ग्रामसफाईची जोड दिली. मन झाडायचं आणि गल्लीही झाडायची, हा त्यांचा खरा वऱ्हाडी व्यवहार. 41 अध्यायांच्या ग्रामगीतेत हाच विचार सविस्तर आला आहे.

यात निव्वळ भाविकपणा नव्हता. 1942 च्या आंदोलनात इंग्रज सरकारनं महाराजांना तुरुंगात टाकलं. एका ओळीत बसायला शिकलेलं गाव एका ओळीत उभंही राहू शकतं, हे त्याच आंदोलनातल्या चिमूर-आष्टीच्या उठावानंतर सरकारला नीट कळलं असावं.

11 ऑक्टोबर 1968 रोजी दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी महाराजांचं निधन झालं. तेव्हापासून दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात त्याच मिनिटाला मोझरीत मौन श्रद्धांजली वाहिली जाते. अफाट गर्दी जागच्या जागी थांबते.

पुढच्याच वर्षी ध्यानाची दुसरी एक रीत महाराष्ट्रात आली: जुलै 1969 मध्ये सत्यनारायण गोएंका यांनी मुंबईत विपश्यनेचं भारतातलं त्यांचं पहिलं शिबिर घेतलं. म्यानमारमधल्या मंडालेत वाढलेला हा व्यापारी अर्धशिशीनं हैराण होता, मॉर्फिनपर्यंत मजल गेली होती. त्या निमित्तानं 1955 मध्ये तो सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पोचला. हे गुरूही संसारी, सरकारी हिशेब खात्यातले बडे अधिकारी. 1976 पासून इगतपुरीचं धम्मगिरी या साधनेचं केंद्र झालं. दहा दिवसांचं शिबिर, त्यातले पहिले नऊ दिवस आर्य मौन, शेजाऱ्याशी नजरभेटही नाही. आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाचं निरीक्षण, पुढे 'मित्रा' उपक्रमातून महाराष्ट्रातल्या शाळांतही शिरलं.

दोन्ही रीती बिनपैशाच्या. तरी घर, गुरंढोरं, दुकान सोडून दहा दिवस बाहेर राहणं मेहकर तालुक्यातल्या कास्तकाराला सोपं नाही. बाईमाणसाला तर त्याहून अवघड. तिथं तुकडोजींचा तोडगा आजही जास्त व्यवहारी ठरतो. वऱ्हाडातल्या ज्या गावात गुरुदेव सेवा मंडळ आहे, तिथं एका संध्याकाळी जाऊन शेवटच्या ओळीत बसावं. नावनोंदणी लागत नाही.