सकाळी चालणारं मूल संध्याकाळी का अडखळतं? काय आहे सेगावा आजार?

सकाळी नीट चालणारं मूल संध्याकाळी पाय ओढू लागतं. झोप झाली की पुन्हा बरं. जपानचे डॉ. मासाया सेगावा यांनी १९७०च्या दशकात या दुर्मीळ आजाराचं वर्णन केलं. १९९४ मध्ये त्याचं मूळ सापडलं: १४व्या गुणसूत्रावरचं जीसीएच१ हे जनुक. त्याच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी मेंदूत डोपामाइन कमी पडू शकतं. मुलींमध्ये हा आजार जास्त दिसतो. गंमत म्हणजे, तोच दोष असलेल्या काहींना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही.

खरी अडचण निदानाची. एमआरआय बहुधा नॉर्मल येतो, अनेकदा सेरेब्रल पाल्सीचा शिक्का बसतो आणि वर्षं वाया जातात. खरं तर पार्किन्सन्ससाठी वापरल्या जाणाऱ्या लेव्होडोपाच्या छोट्या डोसनेही बहुतेक मुलांमध्ये ठळक सुधारणा दिसते. म्हणूनच लहान वयातल्या, कारण न सापडलेल्या डिस्टोनियात न्यूरोलॉजिस्ट हे औषध देऊन पाहतात.