एकाच ठेवीवर रिफंडही आणि भरणाही

२०१९ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. एकाच मुदत ठेवीवर आमच्या ह्यांना सहा हजार रुपयांचा रिफंड निघाला आणि मला साधारण तेवढाच कर भरावा लागला. ठेव एक, बँक एक, घरही एक. बेळगावच्या माझ्या मावसबहिणीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "असं कसं होईल गं? ठेव भावोजींच्या नावावर ना? मग व्याज त्यांचं आणि करही त्यांचा. तू मध्ये कुठून आलीस?"

तिचं बरोबर होतं, पण तिच्या गावापुरतं. गोव्यात नवऱ्याच्या ठेवीवरच्या व्याजात बायको येते ती दीडशे वर्षांपूर्वीच्या एका कायद्यामुळे. मी कलाशाखेची पदवीधर, सरकारी कचेरीत फायली पुढे सरकवणारी. हिशेबाशी माझं कधी फारसं जमलं नाही. पण त्या सहा हजारांमागचा इतिहास शोधू लागले आणि त्यात गुंतून गेले.

पोर्तुगालची नागरी संहिता १८६७ सालची. ती १ जुलै १८७० पासून आपल्याकडे लागू झाली. गोव्यातल्या हिंदूंच्या काही रूढींसाठी १८८० मध्ये वेगळी संहिता निघाली, पण विवाहातल्या मालमत्तेचा मूळ नियम सर्वांना सारखाच राहिला. लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल, तर लग्नानंतर नवराबायकोची मालमत्ता एकत्र होते आणि तिच्यात दोघांचा निम्मा निम्मा वाटा असतो. जुने वकील याला 'कोमुन्यांव दुश बेंश' म्हणत. घर किंवा भाट विकायचं तर विक्रीखतावर बायकोचीही सही लागते, हे गोव्यात शाळा न शिकलेल्या आजीलाही ठाऊक असतं. गंमत म्हणजे खुद्द पोर्तुगालने १९६६ साली नवी संहिता आणली आणि लग्नानंतर कमावलेलं तेवढंच सामाईक, असा नियम केला. आपण मात्र त्यांचा जुना नियम धरून राहिलो.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पुढच्या वर्षी संसदेने गोव्याच्या प्रशासनाचा कायदा केला आणि इथले जुने कायदे, बदल होईपर्यंत, चालू ठेवले. नागरी संहिता त्यामुळेच टिकली. मग १ एप्रिल १९६३ पासून भारताचा प्राप्तिकर कायदा गोव्याला लागू झाला. दोन कायदे एकाच घरात राहायला आले आणि त्यांचं पटेना.

प्राप्तिकर कायद्याला आधी एक गोष्ट कळावी लागते, ती म्हणजे उत्पन्न कोणाचं? तो व्यक्ती ओळखतो, हिंदू अविभक्त कुटुंब ओळखतो, भागीदारी ओळखतो, कंपनी ओळखतो. गोव्यातलं जोडपं यात कुठे बसवायचं? दुकान नवऱ्याच्या नावावर म्हणून सगळं उत्पन्न त्याचं धरायचं, की निम्मं बायकोचं? की दोघांना मिळून 'व्यक्तींचा समूह' समजून एकच आकारणी करायची? हा शब्दांचा खेळ नव्हता. उत्पन्न दोघांत विभागलं तर करमाफीची मर्यादा दोनदा मिळते आणि चढत्या दराची झळ कमी बसते. समूह धरलं तर तसं होत नाही. मोठं उत्पन्न असलेल्यांच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हता. प्रकरणं न्यायालयात गेली आणि वाद वर्षानुवर्षं चालला.

शेवटी १९९४ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात कलम ५अ घातलं आणि तेही १ एप्रिल १९६३ पासून, म्हणजे ३१ वर्षं मागे जाऊन. कलमाचा आशय सोपा आहे. या पद्धतीखाली येणाऱ्या नवराबायकोंना समूह धरायचं नाही. घरभाडं, धंदा, भांडवली नफा, व्याज या प्रत्येक सदराखालचं उत्पन्न दोघांत समान वाटायचं आणि ज्याचा त्याने आपल्या निम्म्यावर कर भरायचा. अपवाद एकच, पगाराचा. जो कमावतो, पगार त्याच्याच उत्पन्नात धरायचा. हे कलम गोव्याबरोबर दमण, दीव आणि दादरा नगरहवेलीलाही लागू झालं.

या कलमाच्या मजकुरात एक चूक राहून गेली. संहितेचं साल त्यात १८६० छापलं आहे. १८६० साली पोर्तुगालची ही संहिता नव्हती. भारतात इंग्रजांनी पहिला प्राप्तिकर आणला तो मात्र नेमका त्याच साली. १८५७ च्या उठावाने खजिना रिता झाला होता, म्हणून जेम्स विल्सन यांनी तो सुचवला. २४ जुलै १८६० पासून कर सुरू झाला आणि पाच वर्षांनी बंद पडला. पुढे १८८६ मध्ये तो पक्का झाला. पगार हातात देण्याआधीच सरकारी नोकराचा कर कापून घ्यायची सोय त्या कायद्यात होती. म्हणजे आम्हा कारकुनांवर ही कात्री फार जुन्या काळापासून चालते आहे. इतरांवर ती हळूहळू आली. बँकेतल्या मुदत ठेवींच्या व्याजावरची कपात कायमची बसली ती १ जुलै १९९५ पासूनच्या ठेवींवर. पंचविशीच्या आतल्या वाचकांनी पासबुकात 'टीडीएस' हा शब्द जन्मापासूनच पाहिला असेल, पण बँकेचं पूर्ण व्याज हातात पडायचे दिवस मला आठवतात.

आता गंमत पाहा. १९९४ साली कायद्याने सांगितलं की गोव्यात व्याज दोघांचं. वर्षभराने कपात सुरू झाली ती मात्र एकाच्या नावावर. बँकेला खातेदार दिसतो, त्याचा पॅन दिसतो. त्याच्या लग्नाची पद्धत कोणती, हे बँक विचारत नाही. त्यामुळे कापलेला कर पूर्ण नवऱ्याच्या खाती जमा दिसतो आणि उत्पन्न मात्र निम्मं बायकोचं असतं. गोव्यातले रिफंड अडकतात ते बऱ्याचदा याच फटीत.

आमच्याकडे नेमकं तेच झालं. हे खाजगी कंपनीतून निवृत्त झाले आणि मिळालेली पुंजी बँकेत ठेवली. २०१८-१९ या वर्षाचं व्याज झालं १,२०,००० रुपये. बँकेने १० टक्क्यांनी १२,००० कापले. ह्यांना दुसरं उत्पन्न नव्हतं. ओळखीच्या एका सल्लागाराने विवरणपत्राचा कच्चा मसुदा तयार केला. उत्पन्न १,२०,०००, करपात्र मर्यादेच्या आत, सबब १२,००० परत. हे खूश. माझं विवरणपत्र नेहमीचं 'सहज', पगारापुरतं. माझा कर कचेरीने महिन्याच्या महिन्याला कापलेलाच होता.

आमच्या कचेरीतल्या हिशेब विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंनी सहज विचारलं, "तुमचं लग्न इथलंच ना? मग पाच-अ भरलंत का?" त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडून दाखवला.

व्याज १,२०,०००. निम्मे ६०,००० ह्यांचे, निम्मे ६०,००० माझे. कपातही निम्मी निम्मी, ६,००० आणि ६,०००. ह्यांचं उत्पन्न मर्यादेच्या आत, म्हणून त्यांचे ६,००० परत. माझा पगार आधीच २० टक्क्यांच्या टप्प्यात पोचलेला, म्हणून माझ्या ६०,००० वर कर १२,०००. त्यातून कापलेले ६,००० वजा. उरलेले ६,००० आणि वर थोडा उपकर मी भरायचा. बाकी दहा हजारांच्या आत होती म्हणून आगाऊ कराची भानगड नव्हती. ती दहा हजारांवर गेली असती तर वर्षातच हप्ते भरावे लागले असते, नाहीतर महिन्याला एक टक्का व्याज. सरकार आपल्याला रिफंडावर व्याज देतं ते महिन्याला अर्धा टक्का, हे जाता जाता सांगायला हवं!

'सहज' बाद झालं. उत्पन्न पाच-अ प्रमाणे वाटायचं असेल तर तो फॉर्म चालत नाही. मोठा फॉर्म घ्यायचा, त्यातल्या पाच-अ च्या तक्त्यात जोडीदाराचा पॅन द्यायचा, किती उत्पन्न आणि किती टीडीएस त्याच्याकडे गेला ते लिहायचं. दोघांचे आकडे जुळले पाहिजेत. एकाने वाटणी दाखवली आणि दुसऱ्याने नाही, तर बेंगळुरूच्या केंद्रातला संगणक तिथेच थांबतो. त्या वर्षी मुदत वाढवून ३१ ऑगस्ट केली होती, म्हणून आम्ही वेळेत निभावलो.

खरं सांगायचं तर पाकिटावरचा तो हिशेब बघून माझं मन डळमळलं होतं. मसुदा तसाच ठेवला असता तर घरात १२,००० आले असते. खरा हिशेब केल्यावर सहा आले आणि सहा गेले. बारा हजार म्हणजे तेव्हा आमच्या मुलीची वर्षाची शिकवणी. ह्यांना म्हटलं, "काय करायचं?" हे हसून म्हणाले, "अर्दें तुजें, अर्दें म्हजें. भाटाच्या कागदार सय करताना तूं अर्दें म्हणटा न्ही?"

तो टोला बरोबर बसला. सासऱ्यांनी ठेवलेलं भाट विकायची बोलणी चालली होती, तेव्हा माझ्या सहीशिवाय व्यवहार होणार नाही हे मीच सर्वांना ठणकावून सांगितलं होतं. सही करताना निम्मी मालकीण आणि कर भरताना मात्र परकी, असं कसं चालेल? हक्क हा काही रिफंडाच्या वर्षीच लागू होत नाही.

आणि ही वाटणी नेहमी तोट्याचीच असते असंही नाही. बायकोला स्वतःचं उत्पन्न नसेल आणि नवऱ्याचा धंदा चांगला चालत असेल, तर तोच नियम घराचा कर कमी करतो. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, तेव्हा आमच्यासारख्या घरात दोघांचाही टीडीएस परत मिळतो. मात्र तो मागायला दोघांनाही विवरणपत्र भरावं लागतं. संसदेने २०२५ साली नवा प्राप्तिकर कायदा केला, १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख, आणि गोव्याच्या जोडप्यांची ही तरतूद त्यातही ठेवली.

ओळखीतल्या कितीतरी बायका सांगतात, "टॅक्सचं सगळं हेच बघतात, मी फक्त सही करते." त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की या वर्षी तो पाच-अ चा तक्ता एकदा स्वतः वाचा. विक्रीखतावर सही करायची वेळ आयुष्यात एकदा-दोनदा येते. या तक्त्यात मात्र घरातली निम्मी मिळकत तुमची आहे हे दरवर्षी लिहिलं जातं, तुमच्या पॅनसकट, रुपयांत. त्या वर्षी ते लिहून घ्यायला मला सहा हजार पडले. ती पावती मी विक्रीखताच्या फाइलीतच ठेवली आहे.