सिंह, अंगठी आणि विजयाचे श्रेय

कल्पनारम्य चित्रपटांत ख्रिस्ती प्रतीके शोधणारा अभ्यासक बहुधा मोजदादीत अडकतो. कुणी मरून परत आला की तो येशू, प्रवासात भाकरी वाटली की प्रभुभोजन, पात्राचे कपडे पांढरे झाले की पुनरुत्थान. अशी यादी ‘द मॅट्रिक्स’चीही करता येते, आणि केली गेली आहे. चित्रपटाची नीती मात्र त्यातून हाती लागत नाही. ती तपासायची तर वेगळा प्रश्न विचारावा लागतो: कथेत दुष्टाचा पराभव शेवटी कशामुळे होतो, आणि त्याचे श्रेय कुणाच्या पदरात पडते? ख्रिस्ती धर्मविचारात ते बलवानाला मिळत नाही. क्रूसावर हरलेला दिसतो तोच तिथे जिंकतो, आणि माणूस तरतो तो स्वतःच्या पुण्याईवर नव्हे, कृपेने. या कसोटीवर 2005 चा ‘नार्निया’ मालिकेतील पहिला चित्रपट आणि पीटर जॅक्सन यांची 2001 ते 2003 मधील ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही त्रयी घासून पाहण्याजोगी आहे.

दोन्हींचे मूळ लेखक, ‘नार्निया’चे लुईस आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे टॉल्किन, ऑक्सफर्डमध्ये शिकवणारे आणि एकमेकांचे स्नेही. टॉल्किन लहानपणापासून कॅथलिक. लुईस अनेक वर्षे नास्तिक. सप्टेंबर 1931 मध्ये मॉडलिन कॉलेजच्या आवारात टॉल्किन आणि ह्यूगो डायसन यांच्याशी रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली, आणि त्यानंतर लुईस ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले. पण कथा रचण्याची दोघांची रीत निराळी. लुईस यांच्या मते अस्लान सिंह हे रूपक नव्हेच. नार्नियासारखे जग खरोखर असते आणि देवपुत्र तिथे अवतरला असता तर काय घडले असते, याची ती कल्पना होती. टॉल्किनना तर रूपककथेचा तिटकाराच. 1953 मध्ये एका जेझुइट मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली कादंबरी मुळात धार्मिक आणि कॅथलिक असल्याचे मान्य केले. म्हणूनच तिच्यातून पूजाअर्चेचे, पंथांचे उल्लेख काढून टाकले, असेही सांगितले. श्रद्धा त्यांनी तारखांत दडवली. कथेतली दुष्ट अंगठी नष्ट होते ती 25 मार्चला, म्हणजे देवदूताने मरियेला संदेश दिला त्या सणाच्या दिवशी. चित्रपटात ही तारीख येत नाही, आणि न आल्याने काही बिघडतही नाही.

‘नार्निया’चा गाभा शिलापीठाच्या प्रसंगात आहे. एडमंड टर्किश डिलाइटच्या मोहापायी भावंडांचा विश्वासघात करतो. जुन्या कायद्यानुसार फितुराच्या रक्तावर श्वेत चेटकिणीचा हक्क आहे, आणि अस्लान तो नाकारत नाही. एडमंडच्या जागी तो स्वतः जातो. त्याची आयाळ कापली जाते, जमाव टवाळी करतो, एडमंडच्या बहिणी सुझन आणि लूसी आडोशाने पाहत राहतात. पहाटे पीठ दुभंगते आणि तो जिवंत झालेला प्रथम याच दोघींना दिसतो. शुभवर्तमानांतही रिकामी कबर प्रथम स्त्रियांनाच दिसते. इथवर ओळख पटणे सोपे. बारकावा पुढे आहे. अकराव्या शतकात अ‍ॅन्सेल्मने मांडलेल्या विचारात पापाची भरपाई देवाला करायची असते. अस्लान खंडणी देतो ती चेटकिणीला. ही मांडणी कितीतरी जुनी. चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी सांगतो की सैतान मानवी देहाच्या आमिषाला भुलला आणि आत दडलेल्या दैवी गळाला लागला. चेटकीणही अशीच फसते. तिला कायदा पाठ आहे, पण त्याच्याही आधीचे काही ठाऊक नाही.

सिंह म्हटल्यावर मराठी वाचकाला नरसिंह आठवणारच. तिथेही वराचे शब्द तंतोतंत पाळूनच दुष्टाला कोंडीत पकडले जाते. पण नरसिंह मारतो, अस्लान मरतो.

आणि नेमके इथेच दिग्दर्शक अँड्र्यू अ‍ॅडमसन घसरतात. लुईस यांनी थोडक्यात उरकलेली लढाई पडद्यावर कळसाला नेली जाते. अस्लान चेटकिणीवर झेप घेऊन तिला संपवतो आणि मग सारे पूर्ण झाल्याचा उद्गार काढतो. योहानाच्या शुभवर्तमानात हा उद्गार येशू क्रूसावर प्राण सोडताना काढतो. पुस्तकातल्या लढाईत तो नाही. पटकथेत तो घातला गेला, बहुधा श्रद्धाळू प्रेक्षकांना खूण पटावी म्हणून. परंतु शिलापीठावर शोभणारे शब्द शत्रूचा मुडदा पाडल्यावर उच्चारले की उद्धार बलिदानाने नव्हे, वधाने पूर्ण झाला असे ते सांगू लागतात. प्रतीक वाढले आणि मूल्य घटले.

टॉल्किनच्या कथेत ख्रिस्ताची प्रतिमा म्हणून बोट दाखवावे असे एकही पात्र नाही. गॅन्डाल्फ मरून परततो, फ्रोडो अंगठीचे ओझे वाहतो, अ‍ॅरागॉर्न राजा म्हणून परत येतो. पण संपूर्ण ख्रिस्त कुणातच मावत नाही. कथेची नीती दयेवर उभी आहे. अंगठीने झपाटलेल्या गॉलमला मारायची संधी बिल्बोने सोडली, त्या दयेवर अनेकांचे भवितव्य ठरेल, असे गॅन्डाल्फ सुरुवातीलाच बजावतो. जॅक्सन यांनी हा संवाद मोरियाच्या अंधारात नेला आणि शेवटासाठी प्रेक्षकाला तयार करून ठेवले. ज्वालामुखीच्या कड्यावर फ्रोडो हरतो. अंगठी टाकायला तो साफ नकार देतो. कादंबरीत गॉलम त्याचे बोट चावून अंगठी हिसकावतो, आनंदाने नाचताना त्याचा तोल जातो आणि तो आगीत पडतो. कुणी ढकलत नाही. पूर्वी दाखवलेली दया नसती तर तो तिथे नसताच. चित्रपटात फ्रोडो त्याच्याशी झटापट करतो आणि त्या ओढाताणीत दोघे कड्यावरून कोसळतात. कृपेची जागा इथे कार्यकारणभावाने घेतली, हे खरे. तरी फ्रोडो झगडतो तो अंगठी परत मिळवण्यासाठी. त्याचे अपयश झाकलेले नाही. शेकडो कोटींच्या चित्रपटात नायक ऐन वेळी नापास होतो, हे हॉलिवूडमध्ये दुर्मीळच.

जॅक्सन यांचा खरा तोटा दुसरीकडे झाला. कादंबरीच्या शेवटी हॉबिट घरी परततात, तर गाव दुष्ट जादूगार सारुमानने नासवलेले. सारुमान फ्रोडोवर सुरा चालवतो, तरी फ्रोडो त्याला जाऊ द्यायला सांगतो. कड्यावर स्वतः हरलेला माणूसच अशी दया दाखवू शकतो. हे प्रकरण चित्रपटातून पूर्ण गाळले आहे. उलट, विस्तारित आवृत्तीत अ‍ॅरागॉर्न शत्रूच्या दूताचे मुंडके उडवतो. दूत अवध्य असतो हा संकेत आपल्याकडे बिभीषणाच्या सांगण्यावरून रावणानेही मानला होता. टॉल्किनच्या कादंबरीत तर तो दूत जिवंत परत जातो.

एवढे वजा करूनही, अस्लानसारखी उघड ख्रिस्तप्रतिमा असलेल्या ‘नार्निया’पेक्षा तशी प्रतिमा नसलेला, जॅक्सन यांच्या त्रयीतला शेवटचा ‘रिटर्न ऑफ द किंग’ ख्रिस्ती नीतीच्या अधिक जवळ जातो, असे माझे मत आहे.