फरशीची निवड (निमोणे परिसर)

घराच्या जोत्यावर बसवायची दगडी लादी किंवा भाजलेली टाइल ठरवणे. निमोणे हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील गाव घोड आणि भीमा या नद्यांच्या मधल्या कमी पावसाच्या पट्ट्यात वसले आहे. इथल्या घरात पंगत जमिनीवर बसते, धान्य पसरले जाते, पाहुण्यांची अंथरुणे पडतात आणि शेतातून पायाला लागून आलेली माती रोज पुसावी लागते. म्हणून फरशी निवडताना दुकानातल्या चकाकीपेक्षा तिचा पोत, पाणी शोषण्याचे प्रमाण आणि तिच्याखालचा भराव हे तिन्ही आधी पाहिले पाहिजेत.

या भागातला खडक म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. जोती, पायऱ्या, जाती, पाटे-वरवंटे त्याचेच. पण हा दगड पातळ पापुद्र्यांत सुटत नाही. त्याचे चिरे घडवावे लागतात आणि ते साध्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यामुळे बहुतेक घरांत मुरूम-माती चोपून शेणाने सारवलेली जमीन असे. थरांनी सुटणारा दगड भीमेच्याच खोऱ्यात, पण खूप खाली, आजच्या कर्नाटकात सापडतो. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादचा चुनखडक तो हाच. भूशास्त्रात या खडकसमूहाला भीमा गट असेच नाव आहे. मुंबईहून पुणे, दौंड, सोलापूर, शहाबाद असा गेलेला लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरला पोचला. शहाबाद आणि या भागाजवळचे दौंड अशा रीतीने एकाच मार्गावर आले. पुढे शहाबादी फरशी महाराष्ट्रातल्या घराघरांत, शाळांत आणि देवळांच्या सभामंडपांत इतकी रुळली, की ती इथलीच वाटावी.

शहाबादीच्या जोडीला तेलंगणातील तांदूर, आंध्रातील काळा कडप्पा आणि राजस्थानातील हिरवट-निळसर कोटा येतो. चारही चुनखडकच. त्यांची रफ बाजू पाय धरून ठेवते, जड वस्तू पडली तर टवका उडतो पण सहसा लादी बदलावी लागत नाही, आणि कोटा झिजला तर मशीन फिरवून पुन्हा पॉलिश करता येतो. मात्र चुनखडक आम्लाला हार जातो. चिंच, लिंबू, ताक सांडून तसेच राहिले तर डाग कायमचा पडतो. फरशी बसवल्यावर सिमेंटचे डाग काढायला बाटलीतले ॲसिड ओतण्याची पद्धत तर दगडाचा पृष्ठभागच खाऊन टाकते; ती पूर्ण बंद व्हायला हवी. सिमेंट ओले असतानाच पोत्याने पुसून घेतले, तर ॲसिडची गरजच पडत नाही. संगमरवराचा स्वभावही असाच आम्लभित्रा, म्हणून स्वयंपाकघरात तो टाळावा. ग्रॅनाइट यांच्यापेक्षा कितीतरी कठीण. ओट्याला, उंबऱ्याला आणि जिन्याच्या पायऱ्यांना तो योग्य.

पॉर्सिलीन टाइल दगड नव्हे. बारीक दळलेली माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांचे मिश्रण प्रचंड दाबाखाली दाबून सुमारे १,२०० अंश सेल्सिअसला भाजले, की त्याचा काचेसारखा घट्ट गोळा होतो. पाणी शोषण्याचे प्रमाण ०.५ टक्क्यापेक्षा जास्त नसावे, ही तिची ओळख. भिंतीच्या सिरॅमिक टाइलमध्ये हेच प्रमाण १० टक्क्यांच्या वर असते, म्हणून भिंतीची टाइल स्वस्त मिळाली तरी जमिनीला लावू नये. बाजारात ‘व्हिट्रिफाइड’ म्हणून मिळणारा माल याच जातीचा; त्याचे बहुतेक उत्पादन गुजरातेत मोरबीला होते. ‘डबल चार्ज’मध्ये रंगीत थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, ‘फुल बॉडी’त रंग आरपार, तर ‘जीव्हीटी’त वर छापलेले चित्र आणि त्यावर काचेचा पातळ मुलामा. ओसरीत मोटारसायकल उभी राहणार असेल, पोती ओढली जाणार असतील, तर छापील टाइल घेण्यात अर्थ नाही. टवका उडाला की खालचा वेगळा रंग दिसतो. पायाखाली येणाऱ्या मातीत क्वार्ट्झचे कण असतील तर ते चकाकत्या मुलाम्यावर बारीक ओरखडे पाडतात. मॅट पृष्ठभागावर ते सहसा नजरेत येत नाहीत.

निमोण्यासारख्या गावात फरशी बिघडण्याचे मोठे कारण मात्र फरशीत नसून तिच्या खाली असते. काळी चिकण माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया खणताना निघालेली हीच माती पुन्हा जोत्यात ढकलली, तर दोन-चार पावसाळ्यांत मधली फरशी उचलते किंवा खचते. कितीही महागाची टाइल असली तरी हे टळत नाही. जोत्यातली काळी माती काढून मुरूम भरावा. तो एकदम न टाकता अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांनी, पाणी मारून धुमसत न्यावा, वर दगडी सोलिंग आणि चार इंच काँक्रीट घ्यावे, आणि ते पाण्यावर नीट मुरू द्यावे. घराभोवती पाणी साचू न देणेही तितकेच गरजेचे, कारण जमिनीतली ओल क्षार घेऊन वर चढते आणि दगडाच्या सांध्यांतून पांढरी भुकटी फुटते.

बसवण्याची रीतही दगड आणि टाइल या दोन्हींची वेगळी. शहाबादी सिमेंट-वाळूच्या मालावर लापी घालून पक्की बसते, कारण दगड लापी थोडी शोषतो. पॉर्सिलीन जवळजवळ शोषतच नाही, म्हणून तिला टाइलचे खास ॲडेसिव्ह लागते आणि ते टाइलच्या संपूर्ण पाठीला लावावे लागते. चार कोपऱ्यांत गोळे ठेवून टाइल दाबली, तर आत पोकळी राहते. नाण्याने ठोकल्यावर बद्द आवाज येतो आणि पुढे तिथेच तडा जातो. दोन टाइलमध्ये निदान दोन मिलिमीटरचा सांधा सोडावा. सांधा न ठेवता बसवलेल्या मोठ्या टाइल उन्हाळ्यात प्रसरण पावून एकमेकींना उचलतात.

जागेनुसार निवड अशी करावी : अंगण, गोठ्याची वाट आणि पाण्याच्या टाकीभोवती रफ शहाबादी, ओसरीला कोटा किंवा मॅट फुल बॉडी, स्वयंपाकघर व खोल्यांना मॅट व्हिट्रिफाइड, मोरी-नहाणीला लहान मापाची खरखरीत टाइल. लहान टाइलला ढाळ नीट देता येतो आणि सांधे जास्त असल्याने पायाला पकड मिळते. पूर्ण घराला एकच चकाकती दोन बाय चार फुटांची टाइल घालण्याची जी चाल पडली आहे, ती म्हाताऱ्या माणसांच्या दृष्टीने धोक्याची आहे. ओल्या पायाने मोरीतून बाहेर पडताना घसरून खुब्याचे हाड मोडणे हे त्यांच्यासाठी आयुष्य बदलून टाकणारे दुखणे ठरते. दुकानात टाइल निवडताना तिच्यावर पाणी ओतून, चप्पल काढून उभे राहून पाहावे. कोणताही चांगला दुकानदार त्याला हरकत घेत नाही.

सगळी खोकी एकाच बॅचची आणि एकाच छटेची आहेत ना, हे गाडीतून माल उतरवतानाच तपासावे. कापाकापीत जाणारा माल धरून दहा टक्के जास्त घ्यावा आणि काम संपल्यावर एक खोके माळ्यावर जपून ठेवावे. शहाबादीची लादी काही वर्षांनंतरही जुळती मिळते. टाइलची तीच छटा कारखान्यातून पुन्हा निघेलच असे नाही.