टोमॅटो-चीज पास्ता : एका ताटलीतील पोषण

पास्त्याची गणना भारतात बहुधा 'जंक फूड'मध्ये होते. टोमॅटो व चीज घातलेल्या साध्या पास्त्यावर हा शिक्का मारणे अन्यायाचे ठरेल. अस्सल सुका पास्ता ड्युरम या कठीण गव्हाच्या रव्यापासून बनतो. इटलीने १९६७ मध्ये तसा कायदाच केला. महाराष्ट्रातील बन्सी गहूही याच जातीचा आहे.

८० ग्रॅम सुक्या पास्त्यातून सुमारे २८५ उष्मांक व १० ग्रॅम प्रथिने मिळतात. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. ती उणीव चीज भरून काढते. २० ग्रॅम पार्मेझान चीजमध्ये ७ ग्रॅम प्रथिने व सुमारे २३० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे प्रौढ व्यक्तीच्या रोजच्या गरजेच्या पाचव्या भागाहून अधिक. टोमॅटो शिजवल्यावर 'क' जीवनसत्त्व घटते. मात्र तेलात शिजलेल्या टोमॅटोतील लायकोपिन शरीरात अधिक शोषले जाते.

पास्त्याच्या घट्ट रचनेमुळे त्यातील स्टार्च सावकाश पचतो आणि रक्तातील साखर पांढऱ्या पावाच्या तुलनेत हळू वाढते. तो गाभ्याशी किंचित कडक राहिला तर हा गुण अधिक दिसतो. लगदा झालेल्या पास्त्यात हा गुण कमी होतो.

तंतूंचा अभाव ही या पदार्थाची खरी उणीव. वाटाणे, पालक किंवा राजमा घातल्यास ती बरीचशी भरून निघते. चीजमधील मिठाचाही हिशेब ठेवावा लागतो; जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. ग्लुटेन न सोसणाऱ्या सिलिॲक रुग्णांना मात्र गव्हाचा पास्ता पूर्णतः वर्ज्य आहे.