खेळ पोरांचा की मास्तरांचा?

आंधळगाव हे कोशाच्या कापडाचे गाव. विणकराघरच्या पोरांनाही पूर्वी मागाला हातभार लावावा लागे. त्यातून सुटले की विटी-दांडू, नाहीतर हुतूतू. ना शिट्टी, ना पंच. भांडण झालेच तर पोरेच मिटवीत, नाही मिटले तर डाव मोडे.

पुढे खेळाला शिस्त आली. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले. त्याच साली अमरावतीस वैद्य बंधूंनी जिचा पाया घातला, ती संस्था हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपास आली. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने देशी खेळ दाखविले, त्यांत आपला हुतूतू म्हणजे कबड्डीही होती. गल्लीतला खेळ तेथवर गेला तो शिस्तीच्या बळावर, हे मानलेच पाहिजे.

अमेरिकेतही ही गोष्ट घडली. १८२५ च्या सुमारास राउंड हिल शाळेत जर्मन पद्धतीची कसरत सुरू झाली. एरवी तिथली पोरे ओढ्यात डुंबून नि रानात हुंदडूनच वाढत.

पण गुरुजी, एक पाहा. लहानग्याला 'लिंबू-टिंबू' म्हणून डावात घ्यायचे, तो बाद झाला तरी खेळू द्यायचे, हा कायदा पोरांनीच केला. छापील नियमांत त्याला जागा नाही. खेळाच्या तासाला अशक्त पोर कडेला बसते. गल्लीत ते खेळते.